सयाजीची रिकामी जागा

खोटं वाटलं तर सोडून द्या, पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही. याच मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. गाव पेठ. वेळ भर दुपारची.

कुंडलिककाका, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, जुने स्पीकर दुरुस्त करतात. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाची पन्नास वर्षांची विलायती जोडी तयार झाली. पातळ प्लायची खोकी, आतून डांबरी पट्ट्या चिकटवलेल्या. टिचकी मारली तर नुसतं 'ठप्प'. पण माणसाचा आवाज असा, की समोर येऊन बसलाय.

तपासायला काकांनी गणपतीत दोन माईक लावून रेकॉर्ड केलेली घरची आरती लावली. डावीकडे त्यांचा धाकटा भाऊ सयाजी, मधे काका, उजवीकडे इंद्रायणीमावशी.

सयाजीचा आवाजच नव्हता...

त्याच्या हातातले टाळ वाजत होते. गाणारं कोणी नव्हतं.

डावा स्पीकर बिघडला असेल म्हणून काकांनी वायरींची अदलाबदल केली. मावशी डावीकडे आली.

आणि ते मुके टाळ... उजवीकडे गेले.

मोबाईलवर तीच आरती लावली, तर सयाजी खणखणीत!

काकांनी त्याला फोन केला. "बरा हाईस ना रं?"

"मला काय धाड भरलीया, दादा?" तो हसला.

तिसऱ्या दिवशी पारगावला, उसाच्या फडात, सयाजी उभ्या उभ्या कोसळला.

तेरावं झालं. गिऱ्हाईक जोडी न्यायला येणार होतं. काकांनी वायरी पूर्ववत जोडल्या आणि मन घट्ट करून आरती पुन्हा लावली.

सयाजीचा आवाज परत आला होता... इतका स्वच्छ, की काकांना रडूच फुटलं.

मग त्यांचं लक्ष उजवीकडे गेलं.

तिथे मावशीच्या नुसत्या टाळ्या...

वायरी बदलून बघायचा धीर त्यांना झाला नाही. तसेच उठले आणि मावशीला मंचरला दवाखान्यात घेऊन गेले. रक्त, ईसीजी, सगळं नॉर्मल.

"आवं, झालंय तरी काय? मला काय बी होत न्हाई," मावशी चिडली.

"काय न्हाई. जरा बस माझ्यापाशी."

चाळीस वर्षांत काका तिला असं कधी म्हणाले नव्हते.

आज त्या गोष्टीला तिसरा दिवस. सकाळी त्यांनी मला फोन करून हे सगळं सांगितलं. रडत होते. मागून मावशीची हाक आली, "त्याला म्हणावं, मासवड्या केल्यात, जेवायलाच ये!"

मी एसटीत बसून हे लिहितोय. काकांना फोन ठेवू दिलेला नाही. मावशी बोलतेय तोवर ऐकतोय.

दुसरं करणार तरी काय?