साहेबांचं शून्य

आमच्या साहेबांना स्वतःच्या तब्येतीचा भारी माज. आयुष्यात गोळी घेतली नाही, हे शिपायापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवायचे. त्यामुळे प्रयोगशाळेत निरोगी रक्ताचा नमुना कायम त्यांचाच. बाहेरून मागवायचा तर परवानग्यांची कटकट. त्यापेक्षा साहेब ऐटीत बाही वर करायचे, आम्ही त्यांच्या रक्तावर मशीनचं शून्य लावायचो, म्हणजे त्यांच्या रक्तात जे दिसेल तेच निरोगी धरायचो. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस, दुसरं काय!

काम मात्र नाजूक. डीएनएच्या घड्या घालून आम्ही डोळ्यांना न दिसणाऱ्या डब्या करतो. रक्तात कर्करोगाची खूण भेटली की डबीचं झाकण उघडतं आणि आतला हिरवा रंग चमकतो. पुढे अशाच डब्यांतून औषध थेट गाठीपर्यंत पोचवायचं. माझ्या धाकट्या बहिणीला गाठीची शंका होती, म्हणून तिचं रक्त मीच तपासलं. शून्य आलं, म्हणजे काळजी नाही. साहेबांनी तिला स्वतः फोन करून फुशारकी मारली.

मग एका सकाळी काचेच्या नळीत नुसत्या पाण्यात ठेवलेल्या डब्या हिरव्या झाल्या. रक्ताचा थेंब नव्हता. साहेब माझ्या टेबलापाशी उभे होते. ते गेले, नळी विझली. दुपारी आले, पुन्हा हिरवी. मी पाणी बदललं, नळी बदलली, दिवासुद्धा बदलला. साहेब दारात आले की उजेड.

"एकदा बाहेर तपासून घ्या," मी म्हटलं.

"तुमचे हात स्वच्छ नसतील, बाई," म्हणाले आणि हसले.

मनात म्हटलं, मर मेल्या.

दोन महिन्यांत गेले. कर्करोगच. शोकसभेत एक दीडशहाणा त्यांच्या ठणठणीत तब्येतीचे गोडवे गात होता, आणि तेव्हा मला उमगलं. ज्या रक्तावर आम्ही शून्य लावत होतो, तेच नासलेलं होतं. म्हणजे त्यांच्याइतका आजारी माणूस आमच्या मशीनला निरोगीच दिसणार.

बहिणीला तसं शून्य मिळालं होतं.

तिला लगेच बोलावलं. कशासाठी, ते सांगायला जीभ रेटेना.

ती येईपर्यंत मी टेबल आवरलं. उरलेल्या डब्या टाकून दिल्या. नळी साबणानं धुतली, पुसली, जाळीवर पालथी घातली. आत काही म्हणजे काही नव्हतं.

बाहेर तिच्या चपला वाजल्या.

"ताई, येऊ का गं आत?"

"थांब जरा," मी म्हटलं.

पालथी नळी हिरवी झाली होती.