कच्च्या केळाच्या रंगाची रेकॉर्ड

मे महिन्यात जळगावात रेकॉर्ड मागवू नये, एवढी अक्कल मला होती. कॉलेजात फिजिक्स शिकवते मी. पण 'खटारा' या माझ्या लाडक्या पंक बँडचा नवा अल्बम निघाला, तोही रंगीत रेकॉर्डवर. कच्च्या केळाचा हिरवा रंग, आरपार दिसणारा. जळगावच्या बाईनं त्याला नाही म्हणायचं तरी कसं?

पार्सल यायचं जळगावला, उतरलं धुळ्यात. कुरिअरवाल्यांना फोन करून करून माझा घसा बसला. "येईल ना मॅडम, पार्सल कुठं पळून जातंय?" अरे बाबा, पळत नाही, वाकडं होतं! पत्र्याच्या गोदामात रेकॉर्डचा पापड व्हायला कितीसा वेळ लागतो? शेवटी रजा टाकली आणि एसटीनं धुळं गाठलं.

गोदाम नुसतं भाजत होतं. तरी सगळे हमाल एकाच कोपऱ्यात दाटीवाटीनं बसलेले, माझ्या खोक्याला खेटून. मुकादम असलमभाईंनी खोक्यावरचं माझं नाव वाचून तो उचलला, पण हातातून सोडवेना.

"भूमिकाताई, उद्या नेलं तर नाही चालणार?"

"का?"

"काही नाही. गार वाटतं."

मी खोका हिसकावला. तो माठासारखा गार होता. इतका वेळ त्याला चिकटून झोपलेलं मांजर उठलं, बाहेर गेलं आणि भर दुपारच्या उन्हात फरशीवर अंग पसरून पडलं. म्हटलं, या गावची मांजरंही येडीच.

घरी येऊन रेकॉर्ड काढली. जराही वाकलेली नव्हती. गार का, याचा विचार करत प्लेअर पुसायला घेतला, तेवढ्यात आईनं रेकॉर्डवर ताकाचं पातेलं ठेवलंसुद्धा!

"आई! ती रेकॉर्ड आहे!"

"मंग काय व्हयनं? इतलं गार शे, वाया जाऊ देवू का?"

कपाळावर हात मारला. पण मग नानांचा प्रश्न आला. नाना माझे वडील. हृदयाच्या ऑपरेशननंतर उकाड्यानं आणि सारखी वीज जाऊन थांबणाऱ्या पंख्यानं त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. एवढा उन्हाळा निभावला की धोका टळला, असं डॉक्टर म्हणाले होते. आईनं रेकॉर्ड त्यांच्या उशीखाली सरकवली आणि नाना चक्क घोरायला लागले. बापाच्या झोपेपुढं बँड कसला डोंबलाचा!

नाना दिवसचे दिवस झोपू लागले. आई खूश. मी मात्र आतल्या आत चरफडत होते. सगळ्या जगानं तो अल्बम ऐकला, मी सोडून.

एका सकाळी चादर बदलताना रेकॉर्डला हात लागला. ती कोमट होती, माणसाच्या कपाळाइतकी. मी नानांचा हात धरला. तो गार होता.

"नाना, बरं वाटतंय ना?"

"माले हिव वाजी ऱ्हायनं. गोधडी दे."

बाहेर रस्त्यावरचं डांबर पातळ झालं होतं.

"अशक्तपणा शे," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. बस्स झालं, आता ही वस्तू त्यांच्या अंगाजवळ नको. रेकॉर्ड ओढून काढली आणि बाहेरच्या खोलीत आणली. गारवा संपलाच आहे, निदान आता तरी ऐकू दे, म्हणून सुई टेकवली.

गिटार किंचाळल्या, ड्रम धडाडले. वा! आणि त्याखालून नानांचं घोरणं. झालं! यांनी नेमकं आत्ताच घोरायचं होतं!

दार लावायला वळले. दारातून खाट दिसत होती. नाना जागे होते. डोळे उघडे, ओठ मिटलेले.

घोरणं स्पीकरमधून येत होतं.

मी झटकन सुई उचलली.

नानांची छाती वर आली होती. ती खाली गेलीच नाही.

"नाना!"

सुई परत टेकवली. छाती खाली गेली. मग वर. मग खाली.

"बंद नको करू, पोरी," नाना पुटपुटले.

"बंद कर वं तो धिंगाणा!" आई आतून ओरडली.

"नाही!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. गाणं मात्र जड होत चाललं होतं, संथ होत चाललं होतं. मी वर पाहिलं.

पंख्याची पाती वेगवेगळी दिसायला लागली होती.