पूर्वेस चाळीस मीटर

मूल्यांकनाच्या शास्त्रात एक साधी अट आहे: घराची किंमत आसपास विकल्या गेलेल्या दुसऱ्या घरांशी ताडून ठरवावी. 'दुसऱ्या' हा शब्द अटीतच आहे. माझ्या हाताखाली बारा वर्षे काढलेल्या विनोदने तो वाचला नव्हता, असे मी म्हणणार नाही. त्याने तो वाचून सोडून दिला होता.

मिरजोळ्याच्या कातळावरचे दमयंतीबाईंचे घर विकायला निघाले होते. घेणाऱ्याला कर्ज देणाऱ्या पतसंस्थेने विनोदचा अहवाल फेरतपासणीसाठी माझ्याकडे पाठवला. तुलनेला एकच घर दिलेले: जांभ्या चिऱ्यांचे, कौलारू, तीन खणांचे, २०१७ साली विकलेले, 'पूर्वेस चाळीस मीटरवर'. मी दस्ताचा क्रमांक पाहिला. तो याच घराचा होता. दमयंतीबाईंच्या नवऱ्याने ते विकत घेतले तेव्हाचा. आरोपीने आपल्या चारित्र्याचा दाखला आपणच लिहावा आणि न्यायाधीशाने तो फायलीला लावावा, त्यातला हा प्रकार.

मी विनोदला फोन केला.

"सर, त्या कातळावर दुसरं घर हाय कुठं? मग काय माझं लिहू?" तो हसला.

"आणि चाळीस मीटर?"

"अंतराचा रकाना असतो ना. शून्य लिहिलं असतं तर तिथंच पकडलं असतंत मला."

"शेजारच्या वाडीत दोन व्यवहार झालेत. निबंधकाकडे अर्धा दिवस बसायचं होतं."

"अर्धा दिवस कोण देतं, सर?"

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी तिथे पोहोचलो. घरावर आता कौले नव्हती. निळे पत्रे होते. दमयंतीबाई अंगणात आमसुले वाळत घालत होत्या. नवरा बोटीवर. घर विकायचे आणि दहा वर्षांच्या लेकीला, वेदिकाला, घेऊन जयगडला भावाकडे जायचे, एवढाच त्यांचा ध्यास.

"लवकर करा काय ते, साहेब. पोर त्या घरात जाते. रोज उशिरा येते. काल तर दिवे लागले तरी नाय. आज सकाळीच गेलीय."

"कुठल्या घरात?"

त्यांनी पूर्वेकडे पाहिलेही नाही. "तुमचे ते साहेब लिहून गेले तेव्हापासून हाय. कोणाला सांगू? मलाच येडी म्हणतील."

मी टेपचे टोक उंबऱ्याला अडकवले आणि चालू लागलो. पंचवीस मीटरवर करवंदीची जाळी. तिच्यापलीकडे ऊन थोडे पिवळट वाटले, आणि वारा थांबला.

चाळीसाव्या मीटरला पायरी होती.

तेच चिरे. दारावर डावीकडे झुकलेली तीच चीर. वर मात्र कौले.

पडवीत एक मुलगी सागरगोटे खेळत होती. आत कोणीतरी भांडी लावत होते.

"वेदिका? आई बोलावते आहे."

"आई आत हाय," ती म्हणाली. "वाढतेय."

आतला आवाज थांबला.

मी परत फिरलो. गाडीत बसून विनोदच्या अहवालातली ती ओळ लाल शाईने खोडली, शेजारी सही केली. पोर एवढ्यात निघालीच असेल, असे स्वतःला सांगितले. भीतीला तत्त्वाचे नाव देण्याइतके माझे वाचन आहे.

मान वर केली, तर करवंदीपलीकडे मोकळा कातळ होता.

वेदिका आली नाही. पोलिसांनी आठ दिवस कातळ पिंजला. शेजारच्या वाडीतले दोन व्यवहार घेऊन केलेला माझा अहवाल निर्दोष ठरला. कर्जही मंजूर झाले. पण दमयंतीबाई घर सोडायला तयार नाहीत.

"मी गेले तर तिला कोण जवळ?" एवढेच त्या म्हणाल्या. मला त्यांनी दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

रोज दुपारी एक वाजता त्या भात-कालवणाचे ताट घेऊन पूर्वेला चाळीस मीटर चालतात, उघड्या कातळावर ते ठेवतात आणि मागे न पाहता परततात. कावळे खात असतील, असे पोलीस म्हणाले.

मी दोनदा जाऊन पाहिले. अर्ध्या तासाने ताट घासून, धुऊन पालथे घातलेले असते. त्याच्या कडेवरून पाणी ठिबकत असते.