मागच्या सीटवरचं ‘हं’

ही गोष्ट खरी आहे. शपथ मात्र घेणार नाही. शपथेवर सांगितलेलं फारसं खरं निघाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

घडली ती माझ्या धाकट्या साडूच्या बाबतीत. रात्री नव्हे, स्मशानाजवळही नव्हे. भर दुपारी, रुंद वाहत्या रस्त्यावर, पेट्रोल पंपाच्या थोडं अलीकडे. भुतांनाही आता अंधार पडेपर्यंत थांबायला सवड नसावी.

साडूने जुनी गाडी घेतली ती नानांसाठी. नाना म्हणजे त्याचे वडील. त्यांना वृद्धाश्रमात ठेवायचं, असं त्याने आणि थोरल्या भावाने मिळून ठरवलं होतं. नानांना सांगितलं, घराला रंग द्यायचाय, तेवढे दिवस. आश्रम गावाबाहेर, चढावर. स्वतःच्या गाडीने नेलं की सोडून आल्यासारखं वाटत नाही, असं थोरल्याचं मत.

गाडी विकणारा गृहस्थ साखरेत घोळलेला होता.

"आईची गाडी. फार जपून चालवायची. आता आई माझ्याकडेच असते, आरामात!"

हे सगळं तो फूटपाथवर उभा राहून बोलला. किल्ली दिली, पण गाडीत काही बसला नाही. साडूला तेव्हा ते खटकलं नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी साडू फाटकातून गाडी बाहेर काढत होता. ऑफिसातून फोन आला.

"केव्हाच निघालोय सर. सिग्नलला अडकलोय."

मागून... अगदी हळू...

"हं."

आणि इंजिन बंद.

आचका नाही. धूर नाही. फुंकर मारून दिवा विझवावा, तसं.

साडूने मागे पाहिलं.

सीट रिकामी.

किल्ली फिरवली, तर गाडी लगेच सुरू. काही झालंच नाही अशा थाटात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग पुन्हा. कधी चढावर, कधी सपाटीवर. कधी इंजिन गरम, कधी गार.

साडू गॅरेजवाल्याकडे गेला. त्याने स्कॅनर लावला. एकही दोष दिसेना. प्लग बदलले. पेट्रोलचा पंप तपासला. बॅटरीच्या तारा घासूनपुसून घट्ट केल्या. इंजिन चालू ठेवून एकेक वायर हलवून पाहिली. गाडी ढिम्म थांबेना. दवाखान्याच्या दारात पोचलं की दाढ दुखायची थांबते, त्यातला प्रकार.

"चला साहेब, लांब चक्कर मारू. पण गाडीत बोलायचं नाही. मला इंजिन ऐकायचंय."

दोघे तोंडाला कुलूप लावून गावाबाहेर जाऊन आले. गाडी लोण्यासारखी चालली.

"गाडी ठणठणीत आहे," गॅरेजवाला म्हणाला. "तुमचा पाय क्लचवर नीट पडत नसेल."

साडू आयुष्यभर गाडी चालवत आलेला. त्याच्या पायाचा असा अपमान कुणी केला नव्हता.

पुढे एकदा बायको शेजारी बसलेली असताना थोरल्या भावाचा फोन आला. फोन स्पीकरवर होता.

"हे बघ, नानांना ठेवून घ्यायला मला आनंदच आहे रे. पण आमची जागाच लहान..."

"हं."

इंजिन बंद.

या वेळी ते बायकोनेही ऐकलं. म्हाताऱ्या बाईचा आवाज. हात धुतले म्हणणाऱ्या पोराकडे न बघताच आई जे ‘हं’ म्हणते ना... तेच.

बायकोने फोन कट केला. मग म्हणाली, "अहो, कुणी खोटं बोललं की बंद पडते ही."

"काहीतरीच!"

"म्हणजे तुमच्या घराण्यात ही गाडी चालायचीच नाही."

साडू एकटाच रिकाम्या मैदानात गेला. इंजिन सुरू ठेवून मोठ्यांदा बोलू लागला, वेड्यासारखा.

"आज उन्हाचा ताव आहे." गाडी चालू.

"माझं पोट सुटलंय." चालू.

"मी बायकोला घाबरत नाही."

"हं."

बंद.

त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मानेवर मागून कुणाचा तरी श्वास लागल्यासारखं झालं... आणि गाडीच्या काचा तर सगळ्या बंद.

त्याने तिथूनच गाडी विकणाऱ्याला फोन लावला. स्पीकरवर.

"आई कशा आहेत हो तुमच्या?"

"मस्त! आत्ताच जेवली. आतल्या खोलीत पडलीय जरा."

मागे सीटची स्प्रिंग करकरली. कुणी पुढे सरकून बसावं तशी...

"हं..."

हे लांबलेलं होतं.

इंजिन बंद.

मग तो माणूस बारीक आवाजात म्हणाला, "तुमच्या मागे... कोण बसलंय?"

फोन कट झाला. तो नंबर पुन्हा कधी लागला नाही.

दुसरा कुणी असता तर त्याने गाडी तिथेच सोडली असती. पण आश्रमात खोली ठरली होती, दिवस ठरला होता. आणि साडूला उपायही सापडला होता. तोंड बंद ठेवायचं. गाडी चालते.

त्या दुपारी नाना पुढच्या सीटवर बसले. पिशवी मांडीवर. बायको "मला नाही बघवणार" म्हणून घरीच राहिली.

"रंग कुठला देताय रे?"

साडू गप्प.

"निळा नको. खोली अंधारी होते."

गप्प. गाडी झकास चालली होती.

"किती दिवस लागतील?"

साडूने नजर रस्त्यावरून हलवली नाही. इंजिनाचा एक ठोका चुकला नाही. इतकी सुरेख ती गाडी कधीच चालली नव्हती.

नाना खिडकीबाहेर पाहत राहिले. मग त्यांनी साडूच्या गिअरवरच्या हातावर आपला हात ठेवला.

"बोलत नाहीस, ते कळलं मला. अरे, मला काही वाटणार नाही. बरोबरीची माणसं भेटतील. मी अगदी मजेत राहीन."

साडू ओरडणारच होता, नाना, नका बोलू...

"हं."

या वेळी त्यात संशय नव्हता. हळवं होतं ते. बाई दोघांच्या मधोमध तोंड आणून बोलल्यासारखं.

इंजिन बंद पडलं. गाडी रस्त्याच्या कडेला घरंगळत थांबली.

नानांनी मागे वळून पाहिलं. सीट रिकामीच होती. नानांनी तिकडे मान हलवली... बाकावर शेजारी येऊन बसलेल्या माणसाला हलवतात, तशी.

साडू किल्ली फिरवत राहिला. गाडी सुरू झाली नाही.

घर मागे होतं. आश्रम पुढे. दोन्ही बाजूंना वाहनं धावत होती.

साडूने टॅक्सी थांबवली. आश्रमाच्या दिशेने तोंड असलेली.

टॅक्सीतही नाना तेच म्हणाले. मजेत राहीन. दोनदा म्हणाले.

साडू मला म्हणतो, तो कान देऊन बसला होता. आश्रमाच्या गेटपर्यंत.

टॅक्सी कुठेच थांबली नाही.