ड्रममागचा ओला फडका

आमच्या शेडमध्ये वाळवणीच्या ड्रममागे भिंतीला एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला एक फडका लटकलेला असतो. दीड वीत असेल, पांढरा, कडेने वाकडातिकडा कापलेला. हा फडका कधी बघा, ओला. मी इथे आल्या दिवसापासून पोरींवर ओरडतेय, हात पुसून ओला फडका तिथे टांगू नका, भिंतीचा रंग फुगतो. पोरी म्हणतात, आम्ही नाही टांगत. मग काय भिंत रडते? चार वर्षं माझं हेच चाललंय. इथे कोणाला एक गोष्ट सांगितली की ती एका कानाने आत जाते, आणि दुसऱ्या कानापर्यंतही पोचत नाही.

त्या रात्री लाइट गेले. ड्रमवर अर्धं वाळलेलं कापड तसंच अडकलं. आता ड्रम गार होणार, कापड चिकटून बसणार, आणि सकाळी मी ते खरवडत बसणार. क्रेटमधल्या मालावर पोरींना ओली गोणपाटं घालायला लावली आणि आम्ही चौघी बाहेर पायरीवर येऊन बसलो. मिस्त्रीकाका स्टूल घेऊन आले. मांडीवर बॅटरी, तीही विझवलेली. म्हणे सेल वाचवतो.

"काका, काहीतरी सांगा," एक पोरगी म्हणाली, "नाहीतर या बाई आमचं डोकं खातील."

"खरं घडलेलं सांगेन. मला खोटं जमत नाही."

"पंखा उद्या लावतो म्हणालात, त्याला दोन महिने झाले."

"पंखा वेगळा," काका म्हणाले. "हे माझ्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत घडलेलं आहे. तुम्ही त्याला रोज बघता. आपला कुरकुऱ्या."

कुरकुऱ्या म्हणजे आमचा ड्रायव्हर, मालकीणबाईंचा धाकटा भाऊ. ऊन असलं तर उन्हाबद्दल कुरकुरतो, सावली असली तर सावलीबद्दल.

एक पोरगी गेल्याच आठवड्यात लागली होती. तिच्यासाठी काकांनी आधी माल समजावला. आपल्याकडे येतो तो रेयॉनचा तंतू. डोंगरापलीकडच्या कारखान्यात लाकडाच्या लगद्याचा पातळ रस करतात, बारीक भोकांतून आम्लात सोडतात, त्याचा तंतू होतो. आपला तंतू आतून पोकळ असतो. तो दबून फितीसारखा चपटा होतो. ओला असताना पाण्यात पसरून थर दिला आणि गरम ड्रमवर वाळवला, की तंतूच तंतूला धरतो. विणायचं नाही, शिवायचं नाही, गोंदाचा थेंब नाही. म्हणून तर जखमेवर बांधायला हे कापड चांगलं, गोंदाने कातडी चिडते ती चिडत नाही.

"पण जे काय धरायचं ते पहिल्या वाळण्यात," काका म्हणाले. "तंतू वाटेत सुटा वाळला की संपलं. मग त्याला आठ दिवस पाण्यात बुडवून ठेव, तो कोणाला धरत नाही. ड्रमवरून नुसता भुसा पडतो. आणि पिशवीत कोंडून आणावा तर पिवळा पडतो. म्हणून जाळीच्या क्रेटमध्ये आणायचा, वर गोणपाट, आणि वाटेत थांबून थांबून पाणी मारायचं."

हे पाणी मारायचं काम तेव्हा दाजी करायचे. मालकीणबाईंचे यजमान. कुरकुऱ्या त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून सगळेच दाजी म्हणायचे. मेव्हणा गाडी चालवायचा, दाजी मागे मालाजवळ बसायचे. हातात बादली. केबिनच्या पत्र्यावर एकदा टक् केलं की थांब. पाणी मारून झालं की दोनदा टक् टक्. चल. दोघं सगळा रस्ता असे यायचे, एक शब्द न बोलता. एकाला बोलायचं नसायचं, दुसऱ्याची कुरकुर पुढच्या पुढे इंजिनात जायची.

मग एका रात्री दोघांचं वाजलं. कारण काय, तर कुरकुऱ्याची झोप. तो रुसून घरी राहिला. दाजी एकटे गाडी घेऊन गेले. परत येताना माल सुकायला लागला, म्हणून कालव्याच्या पुलावर गाडी उभी केली आणि बादली घेऊन खाली उतरले.

"सकाळी गाडी सापडली," काका म्हणाले. "दिवे चालू होते. दाजी तिसऱ्या दिवशी सापडले, कालव्याच्या खालच्या दाराशी. बादली नाही सापडली."

मी विचारलं, मग मालकीणबाईंनी भावाला काय म्हटलं.

"काही नाही म्हटलं. तेच तर. ओरडली असती तर बरं झालं असतं. गाडीची चावी त्याच्या हातात दिली, बस. पुढे सहा महिने कामापुरतं बोलायची. आणि हा एकटाच जायचा, एकटाच गाडी चालवायचा, एकटाच पाणी मारायचा. दोनदा माल वाळका आणला. दोनदा ड्रमवरून भुसा. दुसऱ्या वेळी ती त्याच्याशी पहिल्यांदा धड बोलली."

बाई म्हणाल्या होत्या, "मंगळवारी रात्रीचा माल आण. बुधवारी सकाळी इस्पितळाची माणसं कापड बघायला येणार आहेत. तिसऱ्यांदा वाळका आणलास तर गाडी दारात लाव आणि तसाच चालता हो. मला भाऊ नव्हता असं मी धरून चालेन."

हा म्हणाला, "आणि पाणी कमी पडलं तर?"

"कालव्यात उतरायचं नाही."

"मग काय थुंकून भिजवू?"

"थुंक. पण कालव्यात उतरलास तरी मला भाऊ नव्हता."

आता सांगा, असं बोलल्यावर माणसाने करायचं काय. मी पोरींवर ओरडते, पण निदान एका वेळी एकाच बाजूने ओरडते.

तेवीस एप्रिलची रात्र, मंगळवार. साडेअकराला गाडी कारखान्यातून निघाली. मागे सहा क्रेट, ओली गोणपाटं, पाण्याचे दोन मोठे कॅन. हवा भट्टीसारखी. निघताना याने कारखान्याच्या वॉचमनशी भांडण केलं, फाटक उघडायला उशीर केला म्हणून. वाटेत मालगाडीसाठी फाटक बंद. तिथेही एकटाच बसून भांडला. मग चढ लागला आणि इंजिन तापलं. काटा वर वर गेला, बॉनेटमधून वाफ. गाडी बाजूला घेतली. रेडिएटर कोरडा.

पाणी होतं फक्त त्या दोन कॅनमध्ये. ते मालाचं पाणी.

"मग?" नवी पोरगी म्हणाली.

"मग काय. इंजिन जळलं तर मालही तिथेच आणि हाही तिथेच. ओतलं. थोडंच ओतायचं ठरवलं होतं. पण खालचा पाइप गळत होता. तो बांधेपर्यंत अर्धं मातीत, मग उरलेलं आत. दोन्ही कॅन गेले."

गाडी चालू झाली. चढ संपला. पण आता वारा समोरून, गरम. थोडं अंतर गेलं की हा थांबायचा, मागे जाऊन गोणपाटाला हात लावायचा. कडा वाळल्या होत्या. मग मधलंही वाळत आलं. वरचं गोणपाट उचललं तर पाचोळ्यासारखं वाजलं. खाली तंतूला हात घातला. बोटं ओली झाली... पण जेमतेम.

आणि पुढे पूल.

सगळ्या रस्त्यात पाणी एवढ्या एकाच जागी. खाली कालवा भरून वाहत होता. पाण्याचा आवाज येत होता. याने पुलावर गाडी थांबवली, दिवे चालू ठेवले आणि स्टिअरिंगवर डोकं आपटलं. फोन लावला, रेंज नाही. खाली उतरलो तर बहीण गेली. नाही उतरलो तरी बहीण गेली. काका म्हणाले, तो रडला असेल, पण मला सांगताना म्हणाला की घाम होता.

मग तो त्याच्या सवयीप्रमाणे कुरकुरायला लागला. मोठ्याने. एकटाच.

"दाजी, तुम्ही गेलात आणि सुटलात. मला एक दिवस झोप लागली होती. एक दिवस. माणसाला झोप येत नाही का? त्याची एवढी शिक्षा असते का? आता या मालाचं काय करू, तुम्हीच सांगा. मी उतरत नाही. मला नाही उतरता येत."

बोलून झालं. इंजिन बंद होतं. रस्ता शांत.

गाडी मागच्या बाजूने दबली.

जरा. कोणी फाळक्यावर पाय देऊन वर चढावं, तशी.

त्याने आरशात बघितलं नाही.

मागे पाणी पडलं. बादली कलंडवल्यावर पडतं तसं. आधी भस्सकन, मग थोडं थोडं... सगळीकडे सारखं. क्रेटमधून खाली रस्त्यावर गळायला लागलं. टप. टप.

मग शांत.

मग केबिनच्या पत्र्यावर... टक् टक्.

इथे काका थांबले. बॅटरी या हातातून त्या हातात घेतली.

"त्याने काय केलं?" मी विचारलं.

"काय करणार. चल म्हटल्यावर चालला."

मान हलवली नाही. हात स्टिअरिंगवर, डोळे समोर. बरंच पुढे गेल्यावर टक्. एकदाच. थांबला. मागे पाणी... टक् टक्. चालला. काकांना तो नंतर म्हणाला, काका, भीती वाटत होती, पण त्याहून वाईट म्हणजे सवयीचं वाटत होतं. एकदा तर मी विसरूनच गेलो आणि नेहमीसारखा बोललो, दाजी, जरा भराभर हात चालवा, पहाट होईल.

मागून काही नाही.

डोंगर संपला. शेताडी संपली. आपल्या शेडच्या अलीकडचं ते वळण आहे ना, वजनकाट्याजवळचं. तिथे टक्.

थांबला.

पाणी पडलं नाही.

तो वाट बघत बसला. दोनदा वाजायला हवं होतं. वाजलं नाही. चल म्हटल्याशिवाय निघायचं कसं? मागे बघायची हिंमत नाही. पुढे जायची सोय नाही. शेडचा दिवा समोर दिसतोय. ताई जागी असणार. माल मागे आहे, ओला की वाळका, कळत नाही. वारा चालू. तो बसून राहिला... बसून राहिला...

उजाडायला लागलं.

मग त्याने हात वर केला. आतून, आपल्याच हाताने, टपावर वाजवलं.

टक् टक्.

आणि गाडी सोडली.

शेडच्या दारात बाई उभ्याच होत्या. काकाही होते, ड्रम तापवत. बाईंनी भावाकडे बघितलं नाही, सरळ मागे गेल्या. गोणपाट बाजूला करून क्रेटमध्ये हात घातला. हात मनगटापर्यंत ओला. सहाही क्रेट गळत होते.

मग त्यांनी कॅन उचलून बघितले. दोन्ही कोरडे. त्या पुढे आल्या आणि भावाच्या पायांकडे बघितलं. चपला कोरड्या, धुळीने भरलेल्या. पँटही कोरडी.

"पाणी कुठलं?"

त्याने गाडीची चावी काढली.

"कालव्यात उतरलास?"

"नाही ताई."

"मग पाणी कुठलं?"

"ताई, मी मागे बघितलं नाही," तो म्हणाला. तेवढंच. मग पायरीवर बसला. बाईही त्याच्याजवळ बसल्या. काका म्हणाले, मी ड्रमकडे तोंड केलं, ते दोघं काय बोलले मला माहीत नाही. पण चहा दोन कप मागवला गेला. त्याआधी एकच यायचा.

कापड सुरेख आलं. इस्पितळाच्या बाईंनी दोन हातांत धरून ताणलं, फाटेना. भिजवून ताणलं, तरी फाटेना. हो म्हणाल्या आणि गेल्या.

"झालं?" पोरगी म्हणाली. "एवढंच? मला वाटलं कोणीतरी मरणार."

"एक गोष्ट राहिली," काका म्हणाले. "त्या कापडात एक जागा वाळली नाही."

सगळं कापड कोरडं खडखडीत, आणि मध्ये एक गोल ओला. काकांनी ते दुसऱ्यांदा ड्रमवरून काढलं. मग तिसऱ्यांदा. आजूबाजूचं करपायला आलं. गोल ओलाच. काठ अगदी रेखीव, कोणी वर काहीतरी टेकवून ठेवल्यासारखा. आणि गोलाच्या आत एका कडेला चौकोनाचा ठसा. एक कोपरा दुमडलेला.

"दाजींची बादली बुडाला गळायची," काका म्हणाले. "मीच पत्र्याचं ठिगळ लावून दिलं होतं. कापताना कोपरा चुकला, म्हणून मी तो ठोकून दुमडला होता. मी दाजींना म्हटलं होतं, राहू द्या, कोण बुडाकडे बघतंय."

मालकीणबाईंनी कात्री आणली. तेवढा तुकडा कापला. कुठे ठेवला ते काकांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. चौघींनी एकदमच मागे वळून शेडच्या अंधाऱ्या दाराकडे बघितलं होतं.

काकांच्या मांडीवरची बॅटरी घेऊन मी उठले. पोरी म्हणाल्या, बाई, नका जाऊ. मी म्हटलं, गप्प बसा, मला ड्रम बघायचाय. ड्रम गार झाला होता. त्याच्या मागे गेले. भिंतीचा रंग फुगलेला, नेहमीसारखा. फडक्यावर उजेड धरला. चार वर्षं मी हा बघतेय आणि कधी नीट बघितला नव्हता.

गोल. आत चौकोन. एक कोपरा दुमडलेला.

मी बोट लावलं...

संध्याकाळपासून कोणी त्या बाजूला गेलं नव्हतं. पाणी गार होतं. चांगलं वाहत्या पाण्यासारखं गार.

लाइट आले तेव्हा मी पोरींना कामाला लावलं. भिंतीबद्दल काही बोलले नाही. फक्त तो खिळा जरा ढिला झाला होता, तो हातोडीने ठोकून घट्ट केला.