शाईवरची कणीक

देवळातला पखवाज बुधवारी नाहीसा झाला आणि गुरुवारी पहाटे आपोआप जागेवर येऊन बसला.

टाळेबंदीमुळे येळ्ळुरात भजनं बंद, त्यामुळे जिभांना दुसरं काम नव्हतं. न्याहारीपर्यंत भरमूने तो निपाणीला विकला, गिऱ्हाईकाने भाव पाडला, म्हणून परत आणला, इथपर्यंत मजल गेली.

भरमू गावच्या भजनी मंडळाचा पखवाजी. वर्षभर कार्यक्रम नाही, चूल कशीबशी पेटायची. सरकारने कलाकारांना मदत जाहीर केलेली. अर्ज शनिवारी बेळगावात पोचायला हवा, आणि त्यावर मंडळाच्या अध्यक्षांचा शिक्का हवा.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त पोलीस हवालदार नागोजी. त्यांच्या मिशा बघून म्हशीसुद्धा वाट सोडतात म्हणे. म्हशींनी अजून इन्कार केलेला नाही.

"चोराच्या अर्जावर शिक्का मारणार न्हाय," नागोजी गरजले. "आधी तपास!"

भरमू खांबाशी मान खाली घालून उभा होता. नागोजींनी गुरव रवळूला पुढे घेतलं.

"कुलूप फोडलंय?"

"न्हाय, आप्पा."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या कमरेला, एक तुमच्या खुंटीला."

"माझ्या घरचं सोड. भरमूनं तुझी किल्ली नेलती?"

"न्हाय. म्हयनाभर इकडं फिरकलाच न्हाय त्यो. लाजतंय बिचारं."

नागोजींनी पखवाज मांडीवर घेतला आणि थबकले. उजव्या तोंडावरच्या शाईच्या काळ्या गोल थरावर वाळकी कणीक चिकटली होती.

"कणीक कुठं लावत्यात रं?"

"डाव्या तोंडाला. आवाज खोल व्हाया. तीस वर्सं मीच मळून देतोय न्हवं! शाईला कणीक? शिव शिव!"

नागोजींनी नखाने खपली काढली, हुंगली. ओवा! बुधवारी घरी ओव्याच्या आठ पुऱ्या त्यांनी स्वतःच हाणल्या होत्या. त्यांच्या मिशा तिथंच खाली आल्या.

शुक्रवारी सकाळी त्यांनी मंडळ बोलावलं.

"नेणाऱ्याला वाजवता येत न्हवतं," ते म्हणाले. "पखवाजाला कणीक लागते एवढं ऐकून ठावं, कुठल्या तोंडाला ते न्हाय. म्हंजे भरमू न्हवं, रवळू बी न्हवं. मग कणीक कशाला? फोटोत खरं दिसाया. अर्जाला वाद्यासकट फोटो लागतोय. उरली दुसरी किल्ली. ती माझ्या खुंटीला. आणि ओव्याची कणीक माझ्याच घरची." त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. "आदर्श, हुबा ऱ्हा."

नागोजींचा थोरला मुलगा उठला. शहरातल्या शोरूममधला त्याचा पगार टाळेबंदीतही सुरू आहे, हे नागोजींनी पारावर बसून अख्ख्या गावाला पाठ करून दिलं होतं.

"दोन म्हयने झाले, काढलंय मला, आप्पा. तुम्ही पगार मिरवत हिंडतासा. कसं सांगू? म्हणून मीच कलाकार म्हणून अर्ज भरला."

"आणि अर्जावर शिक्का?"

"तुम्हीच मारलासा. पेपर वाचता वाचता."

नागोजींनी त्याच्या खिशातून तो अर्ज काढून फाडला. मग भरमूच्या अर्जावर शिक्का मारला. शिक्का तिरका उमटला.

"भरमू, तुला चोर म्हटलं मी."

"गुरुवारीच वळखलं मी, आप्पा. शाईवरची कणीक बघून. किल्ल्या तर दोनच."

"मग बोलला का न्हाईस?"

भरमूने अर्जाची घडी खिशात घातली.

"शिक्का तुमच्याकडं हुता न्हवं."

नोकरीत नागोजींनी शेकड्याने जबाब लिहून घेतले होते. हा जबाब ऐकून त्यांची मान खाली गेली, ती मंडळ उठून गेलं तरी वर आली नाही.