वैमानिकाची खुर्ची

"तो नका घेऊ."

आवाज पाठीमागून आला. हातातला निळा खोका तसाच धरून मी वळले. खांद्याला अवजारांची पिशवी, खिशावर ग्रीसचा डाग आणि चेहऱ्यावर असं हसू... जणू दुकान याच्या तीर्थरूपांचंच!

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"कोणीच नाही. म्हणून तर फुकट सांगतोय."

खेळण्यांच्या दुकानात काउंटरवर दोन खोके होते. दोन्हींत एकच विमान, महायुद्धातलं स्पिटफायर, घरी बसून जुळवायचं. कंपन्या तेवढ्या वेगळ्या. लाल खोक्यातलं सोपं. भाग मोजके आणि मोठे, पण विमानाचं नाक जरा फेंदारलेलं. निळ्यातलं अगदी हुबेहूब, आणि भाग मात्र तांदळाच्या कणीएवढे. दोन्हींची तारीफ करून दुकानदारकाकांचा घसा बसला होता, नि मी नुसती खोके उचलत होते, ठेवत होते.

निवड चुकून चालणार नव्हतं. बाबांनी उभा जन्म मनगटी घड्याळं दुरुस्त केली. मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. आता कुठे बोटं हलायला लागली होती. बारीक काम द्या, हात वळणावर येईल, असं डॉक्टर म्हणत होते. पण बाबा कामाच्या टेबलाकडे चक्क पाठ करून बसायचे. माझे आजोबा युद्धात याच विमानांचे मेकॅनिक. तसलं विमान एकदा आपल्या हातानं जुळवायचं, ही बाबांची जुनी हौस. त्या हौसेपायी तरी ते टेबलाशी बसतील असं मला वाटत होतं. आणि तिथेच हार खाल्ली, तर मात्र पुन्हा हत्याराला हात लावणार नाहीत. मी ओळखून होते त्यांना.

"तुम्ही काकांना सांगत होतात ते कानावर पडलं," तो म्हणाला. "लाल घ्या. मी लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेली लिफ्ट आधी एक मजला हलवायची असते, एकदम गच्चीवर नाही न्यायची."

"माझे बाबा म्हणजे लिफ्ट नाहीत! केसाएवढी स्प्रिंग बसवायचे ते. त्यांच्या हातात पोरांचा खेळ देऊ?"

काका खाकरले. "या लिफ्टवाल्यांचाही केव्हापासून निळ्यावर डोळा आहे हं. आणि तो एकच उरलाय."

अच्छा! म्हणजे पाणी इथे मुरत होतं तर.

"वा! लाल माझ्या गळ्यात मारायचा आणि निळा स्वतःला?"

त्याचे कान लालबुंद झाले. "तसं नाही हो... खरंच नाही—"

"काका, निळा बांधा!"

मी ताडताड बाहेर पडले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणजे... पाहिलं. एकदाच. लाल खोका हातात धरून तो माझ्याकडेच बघत होता.

निळा खोका पाहून बाबांचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरोखर टेबलाशी बसले. मी दारात. त्यांनी चाकाचा काडीएवढा पाय चिमट्यात धरला. हात थरथरला... आणि कट्! बाबा त्या तुकड्यांकडे बघत राहिले. मग हळूच खोक्याचं झाकण लावलं.

"हे आता आपलं काम नाही, पोरी."

रागावले असते तर परवडलं असतं.

संध्याकाळी मी पुन्हा दुकानात. त्याला शोधायला? छे! लाल खोका मिळतो का बघायला.

"तो त्या लिफ्टवाल्यानं घेतला," काका म्हणाले, "आणि इथेच ठेवून गेलाय. त्या आल्या तर त्यांना द्या म्हणाला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी खात्री? काकांकडून त्याचा नंबर घेतला आणि तिथूनच फोन लावला.

"मी येणारच, असं कसं ठरवलंत तुम्ही?"

"ठरवलं नव्हतं. नुसती आशा होती... मोडलं का काही?"

आवाजात टोमणा असता तर मी भांडले असते. तो नव्हता, म्हणून मला रडू फुटलं. काकांच्या काउंटरवर, भर दुकानात!

"बाबा आता कशालाच हात लावणार नाहीत," मी कसंबसं म्हटलं.

"मग मी येतो. रविवारी. निळं मी जुळवत बसेन त्यांच्या खोलीत. लाल नुसता शेजारी ठेवू. पुढचं पुढे."

रविवारी तो आला. बाबांनी "हं" म्हटलं आणि खुर्ची भिंतीकडे वळवली. त्यानं लाल खोका टेबलाच्या कडेला ठेवला नि निळा उघडला. मोडका पाय त्यानं बेमालूम जोडला. वैमानिकाची खुर्ची तिच्यापुढच्या दांड्याला जोडून, हिरवा रंग देऊन वाळत ठेवली. रंग वाळेस्तोवर बाबांची मान तसूतसूनं वळत होती. मी सारखी आत-बाहेर करत होते. आज नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

विमानाच्या धडाच्या दोन अर्ध्या भागांना तो गोंद लावत असताना मी चहा नेला.

"साखर किती?"

त्यानं वर पाहिलं. "दोन चमचे... नको, एक... तुम्ही घालाल तेवढी."

मी हसले. तोही हसला. आणि हसत हसतच त्यानं दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरले.

"अहो लिफ्टवाले," भिंतीकडून आवाज आला, "तुमचा वैमानिक काय लोंबकळत जाणार?"

आम्ही खाली पाहिलं. हिरवी खुर्ची टेबलावर तशीच! धड बंद झालं होतं, आणि खुर्ची आत जायला वाट नव्हती. सुटे भाग वेगळे मागवता येत नव्हते. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं घाईनं ब्लेड उचललं.

"थांबा! चिराल!" बाबा उठले. "गोंद ओला आहे तोवरच जमेल. सरका."

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. घड्याळाचं पाठचं झाकण उघडायची पातळ सुरी काढली. उजव्या हातात सुरी, आणि तो हात डाव्यानं मनगटाशी घट्ट धरलेला. सुरीचं टोक थरथरत होतं. जरा घसरलं असतं तर विमानही गेलं असतं आणि बाबाही पुन्हा भिंतीकडे गेले असते. मला बघवेना. माझा हात त्याच्या हातात कधी गेला, देव जाणे.

हलकासा टक् आवाज आला. दोन्ही भाग सुटे झाले.

"खुर्ची द्या," बाबा म्हणाले.

पहिल्यांदा ती चिमट्यातून पडली. बाबांनी ती पुन्हा उचलली. दुसऱ्यांदा बसली. बाबांनी भिंग काढलं. डोळे भरले होते, पण तोरा जुनाच. "बघता काय? तो लाल उघडा. आधी त्यावर हात बसवतो. मग या निळ्याला बघून घेऊ."

मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

त्याला पोचवायला मी जिन्यापर्यंत गेले.

"मुद्दाम केलंत ना? बाबांना उठवायला?"

"मुद्दाम केलं असतं तर आत्ता केवढा भाव खाल्ला असता! नाही हो. अशी चूक मी जन्मात केली नव्हती."

"मग आजच कशी झाली?"

"तुम्ही चहा घेऊन आलात..."

"चहानं?"

"चहानं नाही." तो कठड्याशी बोलल्यासारखा बोलला. "तुम्ही हसलात. मग खुर्ची कसली नि विमान कसलं... त्या दिवशी दुकानातसुद्धा निळ्या खोक्याचं मला काही वाटलं नाही. तुम्ही पुन्हा दिसाल की नाही, एवढंच डोक्यात होतं."

माझी जीभ इतकी तिखट, पण ऐन वेळी गप्प! शेवटी सगळं बळ एकवटून म्हटलं, "मला तुम्ही आवडता. आणि आता दात काढलेत तर बघा!"

त्यानं दात काढलेच.

"बाबांची दोन्ही विमानं झाल्यावर मग काय?" त्यानं विचारलं.

"सावकाश करा ना. घाई कोणाला आहे?"

तो दोन-दोन पायऱ्या गाळत, शीळ घालत उतरला. अवजारांची पिशवी आमच्या दारातच राहिली. मी हाक मारली नाही. परत यावं लागणारच होतं त्याला.